भीम मारतो, चुटकी लाडू देते

प्रश्न : मी आनंदनगर एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला आहे. मिस्टर लोकलने मुंबईला जातात. मुलं शाळेतून आली की संध्याकाळपर्यंत सासूबाईंपाशी असतात आणि घरात टीव्ही चालू असतो. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी नऊची. परवा घरी पोचले तर मुलगा शेजारच्या पोराला उशीने बडवत होता. विचारलं तर म्हणाला, मी छोटा भीम, हा कालिया. मुलगी वाटीत शेंगदाणे घेऊन बाजूला उभी. ती म्हणाली, मी चुटकी, भीम दमला की त्याला लाडू द्यायचे. शेजारच्या वहिनी म्हणतात, हे सगळं टीव्हीमुळे. सासूबाई म्हणतात, टीव्ही नव्हता तेव्हा पोरं मारामाऱ्या करत नव्हती का? टीव्हीचा मुलांवर परिणाम होतो, हे खरंच कुणी तपासून पाहिलंय का? की आपण उगाच त्याच्या डोक्यावर खापर फोडतो? आणि रात्री सासूबाईंच्या मालिका लागतात, त्या मुलांनी पाहिल्या तर चालतील का?
— एक आई, आनंदनगर, अंबरनाथ (पूर्व)

उत्तर : ताई, उशीने बडवणाऱ्या मुलांबद्दल पालक नेहमी विचारतात. वाटी घेऊन उभ्या असलेल्या मुलीबद्दल सहसा कुणी विचारत नाही, कारण तिच्यामुळे घरात काही फुटत नाही आणि शेजारी तक्रार घेऊन येत नाहीत. तुम्ही दोघांकडेही पाहिलंत. म्हणून या वेळी सगळी जागा तुमच्या एकाच पत्राला दिली आहे.

तपासून पाहिलंय का? हो, साठ वर्षांहून जास्त काळ तपासताहेत. सगळ्यांना ठाऊक असलेला प्रयोग १९६१ सालचा, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला. अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या दोन सहकारी, डोरोथिया रॉस व शीला रॉस, यांनी तीन ते सहा वर्षांची ७२ मुलं घेतली. बोबो नावाचा हवा भरलेला, बुडाशी जड असलेला बाहुला आणला. पाडला की पुन्हा उभा राहणारा असा. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने त्या बाहुल्याला लाकडी हातोडीने मारलं, लाथा घातल्या, त्याच्यावर बसून ठोसे लगावले. काहींसमोर तो माणूस शांतपणे दुसरंच काहीतरी खेळत बसला. मग मुलांना खेळण्यांच्या खोलीत सोडलं. मारहाण पाहिलेली बरीच मुलं बाहुल्यावर तुटून पडली, आणि तीही अगदी तशीच, तेच शब्द उच्चारत. दोन वर्षांनी हाच प्रयोग पडद्यावर दाखवून केला, एका गटाला तर मांजराचा वेश घातलेलं पात्र दाखवलं. प्रत्यक्ष पाहा नाहीतर पडद्यावर पाहा, नक्कल तेवढीच झाली.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. बोबो मारण्यासाठीच बनवलेला बाहुला होता. त्याला मारलं म्हणजे मूल उद्या माणसाला मारेल असं नाही. ते मान्य करूनही बांडुरांच्या १९६५ सालच्या तिसऱ्या प्रयोगाकडे मी तुमचं लक्ष वेधते. तुमच्या घरातलं चित्र समजायला तोच सगळ्यांत उपयोगी आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

या वेळी मुलांना एकच फिल्म तीन वेगळ्या शेवटांनी दाखवली. एकीत मारणाऱ्याला शाबासकी आणि खाऊ मिळतो. दुसरीत त्याला रागावतात आणि मार बसतो. तिसरीत काहीच होत नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी खोलीत गेल्यावर कमी मारलं. मुलींनी एकंदरीत मुलांपेक्षा कमी मारलं. इथवर आपल्या अपेक्षेप्रमाणेच. मग बांडुरांनी मुलांना सांगितलं, फिल्ममध्ये त्या माणसाने काय काय केलं ते करून दाखव, प्रत्येक गोष्टीला बक्षीस मिळेल. आणि सगळा फरक गळून पडला. शिक्षा पाहिलेल्या मुलांना सगळं येत होतं. मुलींना जवळजवळ मुलांइतकंच येत होतं.

मूल जे पाहतं ते सगळं शिकतं, मुलगा असो की मुलगी. त्यातलं करून काय दाखवायचं, हे ते आजूबाजूला पाहून ठरवतं : हे केलं की मला शाबासकी मिळेल की ओरडा? तुमच्या मुलीला भीमाचे सगळे ठोसे येतात, खात्री बाळगा. ते मारायचं काम आपलं नाही, एवढंच ती शिकली आहे. १९६१च्या प्रयोगातही बाईने बाहुल्याला मारलेलं पाहून काही मुलं म्हणाली होती की बायकांनी असं वागायचं नसतं. पुरुषाने तेच केलं तेव्हा त्याचं कौतुक झालं. ही चार-पाच वर्षांची पोरं होती. मारामारीचे परिणाम आणि मुलगा-मुलगी यांच्या ठरीव साच्यांचे परिणाम असे दोन वेगळे विषय केले जातात. पडद्यासमोर बसलेल्या मुलासाठी ते वेगळे नसतात. मार कुणी द्यायचा, कुणी खायचा, कुणी टाळ्या वाजवायच्या आणि कुणी खाऊ आणायचा, हा त्याच्यासाठी एकच धडा असतो.

आता भीमाबद्दल. हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्ड कंपनीने केलेली ही मालिका २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाली. आपल्या मातीतला, धोतर नेसलेला, परक्या नावाचा नसलेला नायक आपल्या मुलांना मिळाला, त्याचा मला आनंद आहे. भीम कपटी नाही, दुबळ्याला मारत नाही, आपल्या ढोलकपूरच्या मदतीला धावतो. पण अभ्यासकांना काळजी वाटते ती नेमकी अशा नायकाची. अमेरिकेत १९९४ ते १९९७ या काळात टीव्हीवरच्या हिंसेची मोठी पाहणी झाली. तिच्यात दिसलं की हिंसेच्या सुमारे ४० टक्के घटना सुरू करणारी पात्रं चांगली, आवडती असतात आणि जवळपास तीन-चतुर्थांश दृश्यांमध्ये मारणाऱ्याला काहीही भोगावं लागत नाही. खलनायकाची नक्कल मूल सहसा करत नाही, आवडत्याची करतं. शिवाय कार्टूनमध्ये मार खाणारा दोन सेकंदांत उठून उभा राहतो. कालियाचे डोळे गरगरतात, डोक्याभोवती तारे फिरतात आणि पुढच्या दृश्यात तो ठणठणीत असतो. मार लागला की दुखतं, रात्री झोपताना कूस बदलताना दुखतं, ज्याने मारलं त्याच्याशी उद्या बोलावंसं वाटत नाही, हे त्यात येतच नाही.

चुटकी हुशार आहे, धीटही आहे. तरी तिच्या घरच्या लाडवांच्या दुकानातले लाडू भीमाच्या पोटात जातात आणि त्यानेच भीमाला बळ येतं, हे मुलांच्या मनावर कोरलं जातं. ताकद तिच्या हातून जाते आणि त्याच्या मुठीतून दिसते. डोरेमॉन पाहा. तिथे जियान मारतो, नोबिता रडतो, आणि शिझुका? ती गुणी आहे, व्हायोलिन वाजवते आणि पुढे नोबिताची बायको होणार असते. चार-पाच मुलांच्या टोळीत मुलगी एकच, हा कार्टूनचा जणू नियमच झाला आहे. सिनेमातही वेगळं नाही. अभिनेत्री जीना डेव्हिस यांच्या संस्थेने २०१४ मध्ये भारतासह ११ देशांतल्या लोकप्रिय चित्रपटांची मोजणी केली. बोलणाऱ्या पात्रांमध्ये स्त्रिया ३०.९ टक्के निघाल्या. जगात निम्म्या, पडद्यावर तिसरा हिस्सासुद्धा नाही.

हा परिणाम टिकतो का? अमेरिकेतले रोवेल ह्यूसमन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस शिकागो भागातल्या सहा ते दहा वर्षांच्या मुलांची पाहणी केली होती. पंधरा वर्षांनी त्यांच्यातल्या ३२९ जणांना त्यांनी पुन्हा गाठलं. लहानपणी जास्त मारधाड पाहिलेल्यांचं मोठेपणीचं वागणं जास्त आक्रमक होतं, पुरुषांचंही आणि स्त्रियांचंही. जी मुलं पडद्यावरच्या पात्राशी एकरूप व्हायची आणि टीव्हीत दिसतं ते खरं मानायची, त्यांच्यात हे जास्त दिसलं. तरी टीव्ही हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे आणि सगळ्यांत मोठं नाही. ज्या घरात मोठी माणसं एकमेकांवर किंवा मुलांवर हात उगारतात, त्या घरात कार्टूनला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे मूल मारामारी जिवंत पाहत असतं. सगळ्या अभ्यासकांचं यावर एकमत आहे असंही नाही. परिणाम फार थोडा आहे, त्याचा बाऊ केला जातो, असं म्हणणारेही जाणकार आहेत. मला स्वतःला पुरावा परिणाम आहे या बाजूने जड वाटतो.

सासूबाईंचा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नाही. त्या म्हणतात ते खरं आहे. पोरं टीव्हीच्या आधीही भांडत होती. आणि साचेही टीव्हीने आणले नाहीत. आपल्या चिऊताईच्या गोष्टीत बाहेर पावसात कावळा उभा असतो तेव्हा चिऊताई काय करत असते? बाळाला न्हाऊ घालत असते, तीट लावत असते. चिमणा कुठे असतो, कुणी विचारत नाही. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराच्या यात्रेत मुलग्याला गदा आणि मुलीला भातुकली घेऊन देणारे आपणच असतो, तिथे कुठलीही वाहिनी आलेली नसते.

मग टीव्हीने वेगळं काय केलं, ते कळायला एक गाव सापडलं. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात दरीत वसलेल्या एका गावात १९७३पर्यंत टीव्हीचं चित्रच पोचत नव्हतं. अभ्यासकांनी त्याला नाव दिलं ‘नोटेल’. जवळपासच्या, टीव्ही असलेल्या दोन गावांशी तुलना करत टॅनिस मॅकबेथ विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीव्ही येण्यापूर्वी आणि आल्यावर दोन वर्षांनी मुलांना पाहिलं. शाळेच्या मैदानात ढकलाढकली, मारामारी, शिवीगाळ वाढली, मुलांमध्येही आणि मुलींमध्येही. आणि मुलग्यांची कामं कोणती, मुलींची कोणती, याबद्दलची मुलांची मतं आधीपेक्षा जास्त ताठर झाली. आई-बाप तेच, शाळा तीच, मैदान तेच.

आता याच्या अगदी उलटं उदाहरण, तेही आपल्या देशातलं. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थतज्ज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, हरियाणा, तामिळनाडू, दिल्ली आणि आपल्या शेजारचा गोवा इथली कुटुंबं पाहिली. त्या दरम्यान काही गावांत नव्याने केबल आली होती. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. केबल आलेल्या गावांत नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे असं मानणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयांत बायकांचा शब्द वाढला. आणि या बायका काय पाहत होत्या? बहुतांशी त्याच सासू-सुनांच्या मालिका, ज्यांना आपण नावं ठेवतो.

कॅनडात टीव्हीने मागे ओढलं आणि इथे पुढे. मला यात विरोध दिसत नाही. टीव्ही जगाचं एक चित्र दाखवतो आणि पाहणाऱ्याला हळूहळू त्या चित्राकडे ओढतो. ज्या गावात बाईला उंबऱ्याबाहेर पडायला मनाई आहे, तिथे मालिकेतली शिकलेली, ऑफिसात जाणारी, उलटून बोलणारी सून पुढची असते. ज्या घरात बाई आधीच त्या सुनेच्या पुढे गेली आहे, तिथे तीच मालिका मागे ओढते.

ताई, तुमचं घर दुसऱ्या प्रकारचं आहे. तुम्ही सकाळी डबा भरून कंपनीत जाता, पगार आणता, त्यावर घर चालतं. आनंदनगरमध्ये औषधांच्या, रसायनांच्या, इंजिनिअरिंगच्या कंपन्यांत अशा कितीतरी बायका रोज पंच करतात. पण तुमच्या मुलीने तुम्हाला काम करताना कधी पाहिलंय? कंपनीच्या गेटच्या आत मुलांना सोडत नाहीत. तुमचं कंपनीतलं काम तिला दिसत नाही, चुटकीचे लाडू रोज दिसतात. म्हणून तिच्या खेळात कंपनी येत नाही, लाडू येतात. तुम्ही दमून घरी येता आणि स्वयंपाकाला लागता, तेवढंच तिच्यासमोर घडतं आणि ते पडद्यावरच्या चित्राशी नेमकं जुळतं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाची गाठ इथे आहे. आज काय पॅक केलं, बॅच नंबर चुकला तर काय होतं, लाइन बंद पडली तेव्हा कुणी सोडवली, सुपरवायझरशी कशावरून वाद झाला, हे जेवताना मुलांना सांगत जा. फक्त मुलीला नव्हे, मुलाला आधी सांगा. आणि सुट्टीच्या दिवशी मिस्टरांना मुलांदेखत पोळ्या लाटू द्या. गोल येवोत की न येवोत. फक्त त्याचं जास्तीचं कौतुक करू नका. तुम्ही रोज लाटता त्याचं जेवढं होतं तेवढंच करा, नाहीतर मुलं त्यातूनही बांडुरांचा धडा शिकतील.

कार्टून बंद करू का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या पत्रात विचाराल. समजावून पाहिलं आहे आणि बंदीही घालून पाहिली आहे. ‘शक्तिमान’ १९९७मध्ये दूरदर्शनवर आलं. तो येऊन वाचवेल या भरवशावर मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या तेव्हा देशभर छापून आल्या. त्यातल्या किती खऱ्या यावर वाद झाला, पण शक्तिमान झालेल्या मुकेश खन्ना यांना पडद्यावरून मुलांना समजवावं लागलं, माझी नक्कल करू नका म्हणून. ‘शिनचॅन’वर २००८ मध्ये बंदी आली, पुढच्या वर्षी काटछाट करून ते परत आलं. ते मूळ चित्रकथेच्या रूपात जपानमध्ये मोठ्यांच्या मासिकात छापलं जात होतं, हे इथल्या किती पालकांना ठाऊक असेल? कार्टून म्हणजे लहान मुलांचं, ही आपलीच समजूत. आज बंदीचा उपयोग आणखी कमी आहे, कारण टीव्ही बंद केला की मूल आजीच्या मोबाइलवर तेच शोधून काढतं.

वेळेला मात्र बंधन हवं. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी जास्तीत जास्त एक तास, तोही कुणीतरी सोबत असताना, असं इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ मध्ये सांगितलं आहे. तुमची मुलं त्याहून मोठी आहेत, पण ‘सोबत असताना’ हा भाग त्यांनाही लागू आहे. आजी गोष्ट सांगते तेव्हा मूल मध्येच विचारतं, असं का? आणि आजी थांबते, उत्तर देते, कधी गोष्टच बदलते. टीव्ही थांबत नाही. त्याला थांबवून प्रश्न विचारणारं माणूस शेजारी हवं. तुमच्या घरात ते माणूस आहे, सासूबाई. पोरं पूर्वीही भांडायची असं ज्या बाईला म्हणता येतं, तिला हेही म्हणता येईल : अरे, कालियाला किती लागलं असेल? लाडू चुटकीने केले, मग ती का नाही खात? भीमाने न मारता हे भांडण कसं मिटवलं असतं? रोज एखादा प्रश्न पुरे. भाषण नको, भाषणाने मुलं चॅनल बदलतात. शाळांमध्ये असं बोलण्याचा उपयोग झालेला आहे. २००८पासून मुंबई महापालिकेच्या काही शाळांत आयसीआरडब्ल्यू आणि कोरो या संस्था व टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी मिळून सहावी-सातवीच्या मुलामुलींशी खेळांमधून, चर्चांमधून मुलगा-मुलगी भेदाबद्दल बोलायचा उपक्रम केला. मुलांची मतं बदललेली दिसली. मारामारीची सवय मात्र मतांइतकी पटकन सुटली नाही, हेही तिथे दिसलं. मत बदलणं सोपं, हात आवरणं अवघड. म्हणून सहाव्या वर्षी सुरुवात केलेली बरी.

दाखवण्यासारखंही बरंच आहे. ज्येष्ठ अॅनिमेशनकार राम मोहन यांच्या हातून घडलेली, युनिसेफची ‘मीना’ शोधून काढा. तिच्या एका भागात आंब्याची मोठी फोड नेहमी भाऊ राजूला मिळते. मग बहीण-भाऊ एक दिवस कामांची अदलाबदल करतात, आणि संध्याकाळी राजू दमून आलेला असतो आणि त्याच्या ताटात मीनाचा वाटा पडतो. तुमच्या दोघांना हा भाग एकत्र दाखवा आणि नंतर काहीही समजावू नका. ‘गली गली सिम सिम’मध्ये शाळेत जाणारी चमकी आहे. आणि तुमचा मुलगा दुसरीत जाईल तेव्हा बालभारतीच्या पुस्तकातली चित्रं त्याच्यासोबत पाहा. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकांत आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा त्याची बातमी झाली होती. भाजी निवडणाऱ्या बाबांची बातमी व्हावी, इतकी ती चित्रं आपल्याला दुर्मीळ होती.

आता रात्रीच्या मालिका. मुलांनी पाहिल्या तर चालतील का? मला वाटतं, नकोत, निदान रोज नकोत, आणि कारण मारधाड नाही. मालिकांमध्ये हात क्वचित उगारला जातो. तिथे भिंतीआडून ऐकणं असतं, दुधात काहीतरी कालवणं असतं, एका बाईने दुसरीचा संसार मोडणं असतं. ही हिंसाच आहे, फक्त तिचा आवाज होत नाही. मुलांनी पाहावं असं काही मराठी वाहिन्यांनी दिलंच नाही असं मात्र नाही. झी मराठीवर २०१२-१३मध्ये ‘उंच माझा झोका’ लागायची, रमाबाई रानड्यांच्या आयुष्यावरची. लहानगी रमा चोरून-मारून अक्षरं शिकते, घरातल्या बायकांचा जाच सोसून शिकते, हे पाहायला घरोघरी मुली बसायच्या. त्या मालिकेतही जाच होता. पण तो चुकीचा आहे, हे पाहणाऱ्या मुलीला क्षणभरही संशय न ठेवता कळत होतं. मालिका निवडताना एवढं एकच पाहा : जी बाई सगळं गुमान सोसते तिला देवी केलंय, की जी शिकते तिला?

सासूबाईंचा टीव्ही मात्र काढून घेऊ नका. दिवसभर तुमची मुलं सांभाळून रात्री त्यांना दीड तास स्वतःचा हवा असेल तर तो त्यांचा हक्क आहे. मुलांचं जेवण आणि झोप त्या वेळेत बसवा आणि ते काम मिस्टरांकडे द्या.

आणि बातम्या. याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण अंबरनाथ-बदलापूरच्या पालकांना उत्तर देताना हे टाळता येत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० तारखेला लोक रुळांवर उतरले. कित्येक तास गाड्या बंद होत्या, दगडफेक झाली, लाठीमार झाला. ते सगळं दिवसरात्र टीव्हीवर होतं. इथल्या मुलांनी स्वतःचं स्टेशन, ज्या फलाटावर ती आईचा हात धरून उभी राहतात तो फलाट, तसा पाहिला. लहान मुलाला तेच दृश्य पुन्हा दाखवत आहेत हे कळत नाही, त्याला ते पुन्हा घडतंय असं वाटतं. आणि सात-आठ वर्षांच्या पुढे भुता-राक्षसांची भीती ओसरते आणि बातम्यांची वाढते, कारण हे खरं आहे हे कळू लागतं. तुमची मुलगी त्या वयाची आहे. बातम्या लावायच्याच तर मुलं झोपल्यावर लावा, आणि तिने बाहेरून काही ऐकलंच तर उडवून लावू नका. काय झालं ते थोडक्यात, खरं सांगा आणि तुझ्याशी कुणी नको तसं वागलं तर तू आधी मला सांगायचंस, तुझी काही चूक नसेल, हेही सांगा.

त्या दिवसांत किती घरांत मुलींना लवकर घरी यायला बजावलं गेलं असेल, आणि किती घरांत मुलग्यांना काही सांगितलं गेलं असेल? त्याच प्रकरणाची स्वतःहून दखल घेतलेल्या मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे यांनी हेच विचारलं होतं. २००४च्या ‘सातच्या आत घरात’ या मराठी चित्रपटाचा दाखला देऊन त्या म्हणाल्या की ही बंधनं मुलींनाच का, मुलग्यांना लवकर घरी यायला का सांगत नाहीत? समानता आणि मान राखणं मुलग्यांना घरातूनच शिकवावं लागेल, असं न्यायालयाने तेव्हा बोलून दाखवलं. तुमच्या सहा वर्षांच्या मुलासाठी यात काय आहे? कालिया झालेलं पोर ‘बस’ म्हणालं की उशी खाली ठेवायची. दुसऱ्याचं ‘नको’ म्हणजे नको. हा नियम आज खेळात बसला तर तो त्याला पुढे फार कामी येईल. आणि मुलीला तोच नियम उलट्या बाजूने : तुला नको असेल तर मोठ्याने म्हण. खेळात एखाद्या दिवशी तिला भीम होऊ द्या आणि त्याच्या हातात वाटी द्या. आधी कुरकुर करेल, करू द्या.

शेवटी तक्रारीबद्दल, कारण आपल्या हातात काही नाही असं पालकांना वाटतं आणि ते तसं नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ यांत स्पष्ट आहे की मुलांच्या कार्यक्रमांत शिवराळ भाषा किंवा उघड हिंसा नको, आणि मुलांना अयोग्य कार्यक्रम मुलं जास्तीत जास्त पाहत असतात त्या वेळी दाखवायचे नाहीत. जाहिरातींसाठीही त्यात नियम आहे : बाईला निमूट, दबलेली, घरात दुय्यम अशी दाखवून त्याला उत्तेजन द्यायचं नाही. हा नियम वाचून मग संध्याकाळच्या जाहिराती पाहा. २०२२ मध्ये जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेनेही साचेबंद चित्रणाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आणली आहेत, तिच्याकडे जाहिरातींची तक्रार करता येते. मनोरंजन वाहिन्यांसाठी २०११पासून ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल आहे. वाहिनीवर खाली अधूनमधून फिरणाऱ्या पट्टीत तक्रार कुठे करायची ते येतं. मोबाइलवरच्या व्हिडिओंना हे नियम लागू नाहीत, तिथे लक्ष आपल्यालाच ठेवावं लागतं. तक्रार लिहिताना ‘कार्यक्रम वाईट आहे’ असं लिहू नका. वाहिनीचं नाव, कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, नेमकं दृश्य आणि त्या वेळी तुमच्या घरी किती वयाचं मूल पाहत होतं, एवढं मराठीत साध्या शब्दांत लिहा. शेजारच्या वहिनींनाही सोबत घ्या.